खुली पोथी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



संगणकाच्या क्षेत्रात ‘मुक्तस्रोत’ नावाची एक रीत आहे. प्रणालीचा मूळ मजकूर सर्वांस खुला असतो. तो कोणीही वाचावा, उतरून घ्यावा, सुधारावा, मात्र पूर्वसूरींचे श्रेय पुसू नये. १९९१ साली आरंभलेली लिनक्स प्रणाली अशीच वाढली. मुलांनी हे समजावून सांगितले, तेव्हा आम्हांस वारकरी पंथाचे स्मरण झाले.

ज्ञानदेवांनी १२९० साली गीतार्थ मराठीत खुला केला. त्या काळातील नामदेव शिंपी, सावता माळी, चोखामेळा, जनाबाई यांनी आपापली भर घातली, ती स्वतःच्या नाममुद्रेसह. पुढे नकला होता होता ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले. एकनाथांनी १५८४ साली ती शुद्ध केली आणि तीत पदरची ओवी कोणी घालू नये, असे बजावले. नव्या रचनेस मज्जाव नव्हता. ती ज्ञानदेवांच्या नावावर खपविण्यास होता. मोकळीक आणि राखण अशी एकत्र नांदली. नामदेवांची पदे १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात गेली, तरी नामदेवांचीच राहिली.

आपल्या मंडळाची भजनाची वही मात्र कपाटातच राहिली. नव्या पिढीस देवनागरी जड जाते. ती वही इथल्या लिपीत उतरवू, शेजाऱ्यांनाही गायला बोलावू, असे मुले म्हणतात. आम्ही ज्येष्ठांनी प्रथम नकार दिला. ती आमची चूक होती. वही त्यांच्या हाती द्यावी. पाठ ताडून पाहण्यास आम्ही शेजारी बसू. कुलपात ठेवलेली वही अखेर वाळवीच्या तोंडी जाते.