हलकीं चाकें आणि बेताचा खिसा

शर्यतीसाठीं बांधलेला मार्ग एखाद्या दिवसापुरता भाड्यानें घ्यावयाचा, आणि पैसे भरलेल्या प्रत्येकाला आपापली मोटार घेऊन त्यावर फेऱ्या मारूं द्यावयाच्या, या प्रकाराला मोटारींच्या जगांत 'ट्रॅक डे' असें म्हणतात. येथें क्रमांक लागत नाहीं, ढाल मिळत नाहीं, आणि वर्तमानपत्रांत नांवहि छापून येत नाहीं. रस्त्यावर जो वेग गुन्हा ठरेल, तो वाटसरूंच्या जिवाशीं न खेळतां अनुभवतां येतो, एवढाच लाभ. पण हौशी माणसाला तेवढा पुरतो. भारतांत चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें १९९० सालापासून असा मार्ग आहे, कोइमतूरजवळ दुसरा आहे, आणि ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट २०११ सालीं उघडलें. मुंबई-पुण्याच्या तरुणाला यांपैकीं कोठेंहि जावयाचें म्हणजे लांबची मजल मारावी लागते. या प्रवासाचा चाकांच्या निवडीशीं मोठा संबंध आहे. तो पुढें येईल.

पहिला ट्रॅक डे करून परतलेला तरुण बहुधा एकच मागणी घेऊन घरीं येतो: गाडीला हलकीं अलॉय चाकें पाहिजेत. घरांतील वडील माणसांना ही मागणी चैनीची वाटते, आणि तरुणाला त्यांची शंका कंजूषपणाची वाटते. दोघांच्याहि म्हणण्यांत थोडथोडें तथ्य आहे.

हलक्या चाकाची ओढ आजकालची नव्हे. एत्तोरे बुगाट्टी यानें १९२४ सालीं लियों येथील फ्रेंच ग्रां प्रीच्या शर्यतींत आपली 'टाइप ३५' ही गाडी प्रथम उतरविली, तेव्हां तारांच्या आऱ्यांऐवजीं तिला ओतीव अॅल्युमिनियमचीं आठ आऱ्यांचीं चाकें होतीं, आणि ब्रेकचा ड्रम चाकाशींच एकजीव केलेला होता. त्या दिवशीं टायरांनीं दगा दिला आणि बुगाट्टीच्या गाड्या मागें पडल्या. चाकांची कल्पना मात्र टिकली. तारेची चाकें पुढेंहि पुष्कळ वर्षें शर्यतींत दिसत राहिलीं, पण दिशा ठरून गेली होती.

या हलकेपणानें लाभ किती होतो, याविषयीं बाजारांत अतिशयोक्ति फार आहे. 'चाकांतला एक किलो म्हणजे गाडींतले दहा किलो' असें दुकानदार बिनदिक्कत सांगतात. हिशेब करून पाहिला तर तो असा निघतो. चाक पुढें सरकतें आणि त्याच वेळीं स्वतःभोंवतीं फिरतेंहि. म्हणून त्याच्या वजनाला गति देण्यास कांहीं जादा शक्ति लागते, हें खरें. पण पंधरा इंची चाकाची कड मध्यापासून सुमारें १९० मिलिमीटरांवर असते, आणि टायरची जमिनीला टेकणारी बाजू सुमारें ३०० मिलिमीटरांवर. चाकाचें सारें वजन कडेलाच आहे असें धरलें, तरी त्या एका किलोचा परिणाम गाडी पळवितांना फार तर १.४ किलोएवढा होतो. प्रत्येक चाकामागें दोन किलो वांचले तर चार चाकांचे आठ, आणि परिणाम अकरा किलोंचा. अकराशें किलोंच्या गाडींत हा शेंकडा एक भाग झाला. टाकींत पंधरा लिटर पेट्रोल कमी भरलें तर तेवढेंच साधतें, आणि त्याला दमडी पडत नाहीं.

मग हलकीं चाकें घ्यावयाचीं कशाला? त्याचें खरें कारण दुसरें आहे. गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर तरंगत असतो. चाक, टायर, ब्रेक आणि हब हीं मात्र स्प्रिंगांच्या खालीं असतात. मार्गावरचा उंचवटा प्रथम या खालच्या वजनालाच बसतो. तें जड असेल तर एकदां वर उडालें कीं खालीं येण्यास वेळ लावतें, आणि तेवढा क्षण टायरची जमिनीवरील पकड सुटते. वळणाच्या ऐन मध्यावर हा क्षण यावा, यासारखें वाईट कांहीं नाहीं. खालचें वजन एका बाजूला तीस-पस्तीस किलोंच्या आसपास असतें. त्यांतून दोन किलो गेले तर ती बचत शेंकडा सहांच्या घरांत जाते. पळण्यापेक्षां चिकटून राहण्याला हलकें चाक अधिक उपयोगी, असें यावरून दिसतें.

याच हिशेबांतून आणखी एक गोष्ट निघते, जी विकणारे सहसा बोलत नाहींत. टायरचें बरेचसें वजन अगदीं बाहेरच्या परिघावर असतें, म्हणून टायरमधला किलो गाडी पळवितांना जवळजवळ दोन किलोंची बाधा करतो. पंधराचें चाक काढून दिसायला ऐटदार असें सतराचें घातलें, तर चाकहि जड होतें, टायरहि महाग होतात, आणि अॅल्युमिनियमची कड मध्यापासून आणखी दूर जाते. ब्रेकचा कॅलिपर मावत असेल तोंवर लहान व्यासाचें चाक हेंच बेताच्या खिशाला योग्य.

ज्यांनीं हें ओळखलें त्यांत माझदा कंपनी एक होय. १९८९ सालीं बाहेर पडलेल्या 'एमएक्स-५' या दोन आसनी गाडीला कारखान्यांतूनच चौदा इंची, सात आऱ्यांचीं अॅल्युमिनियमचीं चाकें मिळत. एकेकाचें वजन सुमारें साडेपांच किलो. अमेरिकेंत व ब्रिटनमध्यें ट्रॅक डेला हमखास दिसणाऱ्या या गाडीच्या कित्येक मालकांनीं तीं चाकें काढून चकचकीत मोठीं चाकें बसविलीं, आणि पदरचे पैसे मोजून वजन वाढवून घेतलें. सबब नवें चाक घेण्यापूर्वीं जुनें तोलावें. घरांतला वजनकांटा पुरे: प्रथम माणसानें रिकाम्या हातानें उभें राहावें, मग चाक हातांत घेऊन, आणि वजाबाकी करावी. छापील माहितीपत्रकावरील आंकड्यापेक्षां ही वजाबाकी अधिक भरंवशाची.

चाक घडविण्याच्या तीन मुख्य रीति आहेत. साधें ओतीव चाक म्हणजे सिलिकॉन व थोडें मॅग्नेशियम मिसळलेलें अॅल्युमिनियम सांच्यांत ओतून केलेलें. तें स्वस्त, पण पुरेसें बळकट राहण्यासाठीं जाड ठेवावें लागतें. दुसऱ्या रीतींत मधला भाग ओतीवच असतो, परंतु कडेचा पट्टा तापवून, फिरवीत ठेवून रोलरांच्या दाबाखालीं लांबवितात. त्यामुळें धातूचे कण दाबले जातात आणि तोच बळकटपणा पातळ पत्र्यांत मिळतो. एन्काय या जपानी कारखान्याचें 'आरपीएफ१' हें चाक या जातीचें, आणि मध्यम किंमतींत हलकेपणा देण्याबद्दल प्रसिद्ध. तिसरें घडीव चाक. हजारों टनांच्या दाबाखालीं धातूचा गोळा दाबून तें करतात. पोर्शे ९११ ला १९६६ सालीं आलेलीं फुक्स कारखान्याचीं चाकें याच घराण्यांतलीं. घडीव चाक सर्वांत उत्तम हें निर्विवाद. पण त्याच्या किंमतींत ब्रेकचे चांगले पॅड, उकळी न फुटणारें ब्रेकचें तेल, टायरांचा एक संच आणि एखाद्या जाणत्या शिक्षकाची दिवसभराची फी, एवढें सारें बसूं शकतें. नवशिक्यानें घडीव चाकाकडे वळूं नये. रोलरखालीं ताणलेलें चाक त्याला पुरून उरतें.

येथवर पैशाचा विचार झाला. जिवाचा विचार यापुढें आहे. प्रसिद्ध चाकांच्या हुबेहूब नकला बाजारांत मुबलक मिळतात. त्यांत आऱ्यांचा आकार उतरतो, धातूचा कस उतरत नाहीं. सरळ मार्गावर दीडशें किलोमीटरांच्या वेगानें येऊन ब्रेक दाबला आणि गाडी वळविली, कीं बाहेरच्या बाजूच्या पुढल्या चाकावर भाराचा फार मोठा हिस्सा येतो. आरा तुटावयाचा तर तो अशा जागीं तुटतो. म्हणून चाक उलटें करून आंतली बाजू वाचावी. 'जेडब्ल्यूएल' ही जपानी मानकाची खूण आहे. वळणांतील वांक, उभा भार आणि आघात यांच्या चांचण्या त्यांत येतात. सोबत 'व्हीआयए' हीं अक्षरें असतील तर त्रयस्थ संस्थेकडे नोंद झाली आहे असें समजावें. भार किती सोसेल तो आंकडाहि तेथेंच असतो. यांतलें कांहींच नसेल तर चाक कितीहि हलकें असो, तें दुकानांतच राहूं द्यावें.

जुनीं चाकें घेणें हा काटकसरीचा मार्ग वाईट नाहीं, मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिलें पाहिजे. भेगा बहुधा आंतल्या कडेला, आऱ्याच्या मुळाशीं किंवा बोल्टच्या भोंकांजवळ सुरू होतात. बारीक भेग दाखविणारा लाल रंग आणि त्यावरची पांढरी पूड कारखान्यांना माल पुरविणाऱ्या दुकानांत मिळते. वेल्डिंग केलेलें चाक शहरांत सावकाश चालविण्यास कोणी वापरीत असेल. शर्यतीच्या मार्गावर तें नेऊं नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनें आसपासच्या धातूचें पाणी उतरतें.

आतां बसणीचा प्रश्न. भारतांत २०१० पासून २०२२ पर्यंत निघालेली फोक्सवागन पोलो ही हौशी लोकांची आवडती गाडी. तिचे पांच बोल्ट १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आणि हबचें मधलें तोंड ५७.१ मिलिमीटरांचें. बाजारीं चाकांचें भोंक बहुधा याहून मोठें असतें, म्हणून मध्यें कडें घालतात. तें प्लॅस्टिकचें नको, अॅल्युमिनियमचें असावें. ब्रेकच्या उष्णतेनें प्लॅस्टिक वितळतें. सर्वांत घातक चूक बोल्टची. पोलोच्या मूळ बोल्टची बैठक गोलाकार, तर बाहेरच्या बहुतेक चाकांची शंकूसारखी. गोल बोल्ट शंकूच्या बैठकींत आवळला तर तो घट्ट वाटतो. पण टेकलेला असतो केवळ एका बारीक रेघेवर, आणि मार्गावरच्या हादऱ्यांनीं सैल होतो. नव्या चाकांबरोबर नवे बोल्ट घ्यावेच लागतात; तो खर्च आधींच हिशेबांत धरावा.

रुंदीचा मोह आवरावा. सहा इंचांचें चाक काढून त्याच ऑफसेटचें सात इंचांचें घातलें, तर तें आंत व बाहेर १२.७ मिलिमीटरांनीं वाढतें; आंत शॉक अब्सॉर्बर आणि बाहेर मडगार्ड यांना तें घांसणार नाहीं ना, हें टायर चढविण्यापूर्वीं गाडीवर लावून पाहावें.

राहिला तो लांबचा प्रवास. चेन्नईपर्यंतच्या हजाराहून अधिक किलोमीटरांत कोठें तरी खड्डा भेटणारच, आणि पातळ कडेचें हलकें चाक त्यांत वांकतें. मूळ चाकांवर जावें, मागचीं आसनें पाडून हलक्या चाकांचा संच गाडींत ठेवावा, आणि मार्गावर पोंचल्यावर बदलावा. जें चाक पुढील दोन-चार वर्षें सुटें मिळत राहील तेंच निवडावें. एक वांकलें आणि जोडीचें मिळेना, तर उरलेलीं तीन शोभेचीं ठरतात.

पोलोचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळावयाचे असतात. हवेच्या यंत्रानें आवळून दिलेल्यावर विसंबूं नये. टॉर्क पाना स्वतःचा असावा आणि पहिल्या फेऱ्यांनंतर पुन्हां लावून पाहावा. संध्याकाळीं चाकें निघालीं कीं आंतून ओल्या फडक्यानें पुसावीं. ब्रेकच्या काळ्या धुळीखालीं भेग दिसत नाहीं.