एका रेणूचे कोट्यवधि

क्षयाचा संशय आलेल्या रुग्णाची थुंकी प्रयोगशाळेंत जाते, तेव्हां घरच्या मंडळींचा प्रश्न एकच असतो: जंतु आहेत कीं नाहींत? ते वाढवून पाहावयाचे तर कित्येक आठवडे जातात. आज याच प्रश्नाचें उत्तर सुमारें दोन तासांत मिळूं शकतें, तें पॉलिमरेज साखळी-प्रक्रियेमुळें, म्हणजेच पीसीआरमुळें.

ही युक्ति १९८३ सालीं कॅरी मलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला सुचली; १९९३ सालीं तिच्याबद्दल त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. डीएनएचा दुपेडी गोफ सुमारें ९५ अंश सेल्सिअस उष्णतेंत उलगडतो. उष्णता उतरवितांच प्रायमर नांवाचे दोन आंखूड तुकडे हव्या त्या भागाच्या दोन्ही टोकांशीं चिकटतात, आणि ७२ अंशांच्या आसपास पॉलिमरेज हें विकर तेथून पुढें नवा पेड विणीत जातें. एकाचे दोन, दोहोंचे चार. अशीं ३० आवर्तनें बिनचूक झालीं तर एका रेणूचे १०७ कोटींहून अधिक होतात. आरंभीं दर आवर्तनांत विकर उष्णतेनें निकामी होई व तें पुनःपुन्हां घालावें लागे. अमेरिकेंतील यलोस्टोन येथें कढत पाण्याच्या झऱ्यांत सांपडलेल्या जंतूच्या टॅक विकरानें ती दगदग संपविली.

परंतु साध्या पीसीआरनें शेवटीं काय साचलें तें दिसतें. आरंभीं किती होतें, तें कळत नाहीं. रिअल टाइम पद्धतींत प्रत्येक आवर्तनाबरोबर चकाकी मोजतात. ती जितकी लवकर उमटेल तितका मूळ डीएनए अधिक, सुमारें ३.३ आवर्तनांचा फरक म्हणजे दसपटीचा फरक. पुष्कळ विषाणूंचें जनुकद्रव्य आरएनए असतें. त्याचें आधीं डीएनएंत रूपांतर करावें लागतें, यास रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शन म्हणतात. २०२० सालच्या साथींत ‘आरटी’ हीं अक्षरें लहान मुलांच्याहि तोंडीं बसलीं, तीं या पायरीचीं. रिअल टाइमचीं नव्हेत. तीच चाचणी रिअल टाइमहि होती, तेव्हां हा घोटाळा क्षम्य आहे.

मल्टिप्लेक्स पद्धतींत एकाच नळींत अनेक प्रायमरजोड्या घालतात. गुन्ह्याच्या जागीं सांपडलेल्या रक्ताच्या डागासारखा नमुना थोडा व प्रश्न पुष्कळ, तेथें ती कामास येते. नेस्टेड पद्धतींत पहिल्या फेरींत वाढलेल्या तुकड्यावर आंतल्या बाजूच्या प्रायमरांनीं दुसरी फेरी होते, व चुकून वाढलेला भलता तुकडा गळून पडतो. मात्र दोन फेऱ्यांमध्यें बहुधा नळी उघडावी लागते, आणि खरा धोका तेथेंच आहे. उडालेला एक कण शेजारच्या नळींत पडला तर तोहि तितक्याच निष्ठेनें कोट्यवधि होतो, आणि निरोगी माणसाच्या माथीं रोग लागतो. यास्तव दक्ष प्रयोगशाळेंत मिश्रणाची खोली निराळी, वाढलेला डीएनए हाताळण्याची निराळी. शिवाय नमुना न घातलेली एक कोरी नळी साक्षीला असते. तीच चकाकली तर त्या खेपेचे अहवाल देतां येत नाहींत.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं क्षयासाठीं मान्य केलेल्या चाचणींत सर्व क्रिया बंद कार्ट्रिजमध्यें होत असल्यानें हा धोका बराच टळतो. रिफाम्पिसिन हें औषध लागूं पडेल कीं नाहीं, हेंहि तींत कळतें. तथापि मेलेल्या जंतूंचा डीएनए कांहीं काळ टिकतो, आणि जिवंत कोण, मृत कोण, हें पीसीआरला कळत नाहीं. म्हणून उपचार चालू असतां गुण येतो कीं नाहीं हें पाहण्यास ती वापरीत नाहींत. त्यासाठीं थुंकी सूक्ष्मदर्शकाखालींच पाहावी लागते, किंवा जंतु वाढवून पाहावे लागतात.