विद्यार्थ्याचे हात आणि गावचे पाणी
(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. आयुष्यभर वाड्यावस्त्यांवरील शाळांतून मुळाक्षरे आणि पाढे शिकविले. यंत्रविद्येविषयी अधिकारवाणीने बोलावे अशी माझी योग्यता नाही. परंतु यंदाच्या गुणवंतांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी अधिक आहेत. त्यांना उद्देशून चार शब्द सांगावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली आणि ती मोडणे मला शक्य नव्हते.

आपले कोंडाणे लेण्यांमुळे सर्वत्र परिचित आहे. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ, एका भग्न मूर्तीपाशी, ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख कोरलेला आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. अंतेवासी म्हणजे गुरूपाशी राहून शिकणारा विद्यार्थी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने आपल्या नावाआधी गुरूचे नाव घातले. विद्यार्थ्याच्या हातून टिकाऊ आणि लोकांच्या उपयोगी पडणारे काम होऊ शकते, याचा पुरावा आपल्याच गावच्या कातळावर आहे.

आता माझ्याच एका अपराधाची गोष्ट सांगतो. मी एका वाडीवरील शाळेत असताना चौथीतील एक मुलगी होळीनंतर रोज उशिरा येऊ लागली. मी तिला वर्गाबाहेर उभे केले आणि तिच्या आईबापांना बोल लावला. एके दिवशी सहज तिच्या घराच्या वाटेने गेलो. वाडीत नळ होता, पण त्यास पाणी नव्हते. योजनेची टाकी भरत असे, खालच्या वाड्यांना पाणी मिळत असे. उंचावरच्या या वाडीपर्यंत मात्र थेंबही पोचत नसे. ती पोर पहाटेपासून झऱ्यावर हंडा घेऊन रांगेत बसलेली असे. खालची माणसे आमचे पाणी चोरतात, असे वाडीतील लोक म्हणत आणि मीही ते खरे मानीत असे.

पुढे कितीतरी वर्षांनी एका अभियंत्या तरुणाने मला नळीचे गणित समजावून दिले. नळीचा व्यास निम्मा केला आणि पाणी तेवढेच न्यावयाचे असले, तर घर्षणाने वाया जाणारा दाब दुप्पट किंवा चौपट नव्हे, तर सुमारे तीसपट होतो. म्हणजे एका ठिकाणी नळी अरुंद पडली की पुढच्या वाडीचा नळ कोरडा राहू शकतो, आणि चोर तर कोणीच नसतो! त्या वाडीत नेमके काय घडले ते कोणी मोजलेच नाही. न मोजता शेजाऱ्यास चोर आणि लेकरास आळशी ठरविणारे आम्ही शहाणे ठरलो.

पवईच्या आय.आय.टी.मध्ये ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारे 'सितारा' नावाचे केंद्र १९८५ साली निघाले. २००७ पासून तेथे पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे आणि त्यातील विद्यार्थी खेड्यात राहून तेथील अडचणींचा अभ्यास करतात. आपल्या कर्जत तालुक्यातील गुडवणवाडीच्या बंधाऱ्याशी या केंद्राचा संबंध आहे. भिवपुरीचे वीजगृह १९२२ साली सुरू झाले. त्यातून सुटणाऱ्या पाण्यामुळे पेज नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. हे पाणी उत्तर कर्जतमधील टँकरवर जगणाऱ्या वाड्यांपर्यंत नळाने नेणे परवडेल काय, याचा हिशेबही तेथील विद्यार्थ्यांनी मांडला. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारा आपला तालुका वैशाखात टँकरची वाट पाहतो, ही गोष्ट त्यांना परीक्षेच्या प्रश्नाइतकी महत्त्वाची वाटली.

त्याच संस्थेत निखिल हुडा या संशोधक विद्यार्थ्याने प्राध्यापक ओम दामाणी यांच्या मार्गदर्शनाखाली 'जलतंत्र' ही संगणकप्रणाली तयार केली. नळी मोठी घ्यावी तर खर्च वाढतो, लहान घ्यावी तर दाब पडतो. प्रत्येक वाडीला पुरेसा दाब मिळून एकंदर खर्च कमीत कमी व्हावा, यासाठी कोठे कोणत्या व्यासाची नळी घालावी, हे ती प्रणाली काढून देते. यात डोळे दिपविणारे काही नाही. पण उंचावरच्या वाडीतील एका हंड्याचे ओझे त्या आकड्यांत लपलेले आहे.

दुसरे उदाहरण दिल्लीच्या आय.आय.टी.चे. अंध माणसाच्या पांढऱ्या काठीस गुडघ्याखालचा अडथळा कळतो. पण वाकलेली फांदी किंवा उभ्या ट्रकची मागची बाजू कळत नाही, आणि मार तोंडाला बसतो. २००५ साली तेथील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली या प्रश्नास हात घातला. वटवाघळाप्रमाणे ध्वनिलहरी सोडून समोरची वस्तू ओळखणारी आणि मुठीत कंप देऊन सावध करणारी काठी त्यांनी बनविली. अंध व्यक्तींच्या हाती देऊन ती वारंवार तपासली गेली. सर्वसामान्यांस ती मिळू लागली २०१४ साली. नऊ वर्षे! शोध एका रात्रीत लागला तरी तो माणसाच्या हातात पडण्यास तप लोटते.

विद्यार्थीमित्रांनो, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाजारात तयार विकत मिळतो, असे ऐकतो. तसे करून पदवी मिळेल. परंतु चार वर्षांच्या फीसाठी बापाने काढलेले कर्ज त्या कागदाने फिटले, असे मी म्हणणार नाही.

कार्यकारी मंडळास माझी नम्र सूचना अशी. आपल्या मुलामुलींनी आपला प्रकल्प याच परिसरातील एखाद्या अडचणीवर करावा आणि त्याचा प्रवासखर्च मंडळाने सोसावा. मात्र ती अडचण केवळ आपल्या ज्ञातीची असावी, असा आग्रह नको. उंचावरची वाडी बहुधा ठाकरांची किंवा कातकऱ्यांची असते, आणि एकाच टाकीतून निघालेल्या पाण्याला जात ठाऊक नसते. असा प्रकल्प करणाऱ्यास माझ्या निवृत्तिवेतनातून दरवर्षी एक पारितोषिक देण्याचे मी या व्यासपीठावरून जाहीर करतो. वाडीची वाट दाखविण्यास, जोवर पाय चालत आहेत तोवर, मी स्वतः बरोबर येईन.

एक मात्र लक्षात असू द्या. यंत्र बसवून परत फिरू नका. पाणीपट्टी कोण गोळा करणार, पंपाचे वीजबिल कोण भरणार, तोटी गळाली तर ती कोण बदलणार, हे वाडीतील बायाबापड्यांना आधी विचारा. पाण्याचे खरे गणित त्यांच्या डोक्यावर असते.

ती मुलगी आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. तिची क्षमा मागावयाची राहून गेली. तुमच्यापैकी एकाने जरी एखाद्या वाडीचा कोरडा नळ वाहता केला, तर माझे ते देणे थोडेतरी फिटेल. आणि बलकाप्रमाणे त्या टाकीवर तुमचे नाव तुमच्या गुरूच्या नावासह लिहिले गेले, तर या म्हाताऱ्या मास्तराच्या आनंदास पारावार राहणार नाही.