यंत्राला कठडा की कामगाराला ताकीद?



बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतली आणि इंदापूरच्या साखर कारखान्यांतली गाऱ्हाणी मांडत फिरणाऱ्या माणसाने संगणकाच्या पोटातल्या वादावर का बोलावे, असे आपल्यापैकी कित्येकांस वाटेल. मी हे शाळेत शिकलेलो नाही. परंतु वाचू लागलो, आणि हा वाद मला फार ओळखीचा वाटला.

आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचा गाभा आहे. त्याला कर्नेल म्हणतात. कॅमेरा, पडदा, स्पीकर यांच्याशी बोलण्यासाठी त्यात ड्रायव्हर नावाचे प्रोग्राम असतात. गाभा त्यांना माहितीचे गाठोडे देतो, ते पुष्कळदा चिठ्ठीविना. सी भाषेत ड्रायव्हरने 'हे अमुक प्रकारचे आहे' म्हटले की कंपायलर ते निमूटपणे मानतो. सोसायटीच्या गोदामात साखरेचे म्हणून पोते उघडावे आणि आत युरिया निघावा, तशातली गत! गोदामात निदान वासाने कळते. येथे कळत नाही, आणि गाभ्यातली चूक सारे यंत्रच पाडते.

१९ जुलै २०२४ रोजी जगाने तशीच एक चूक पाहिली. विंडोजवर चालणाऱ्या क्राउडस्ट्राइक कंपनीच्या ड्रायव्हरपाशी २० रकान्यांची माहिती होती. नव्या सूचनेने त्याला २१वा रकाना वाचायला लावले. सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. आपल्याकडे विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

एक पक्ष म्हणतो, कारागीर कसलेला असला की पुरे. दुसरा म्हणतो, चुकीचे गाठोडे उघडूच न देणारी भाषा हवी. रस्ट ही तशी भाषा. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत तिला प्रयोग म्हणून जागा मिळाली.

मंडळी, हेच भांडण आम्ही प्रेस मशीनपाशी भांडलो आहोत. १९४८ च्या कारखाने कायद्याचे २१वे कलम धोक्याच्या भागांना कठडा घालायला सांगत होते. एका कारखान्यात वेग कमी होतो म्हणून तो काढला होता. एका पोराची दोन बोटे गेली, आणि चौकशीत निघाले काय, तर 'कामगाराचे दुर्लक्ष'! पोरगा चांगला कसलेला होता. म्हणून माझे मत रस्टच्या बाजूला.

तथापि जुन्या मंडळींना अडाणी म्हणणे मला पटत नाही. दोन भाषांचा गाभा सांभाळणे अवघड होईल, असे क्रिस्टोफ हेलविग यांनी २०२५ मध्ये बजावले. नवे यंत्र आणणारा निघून जातो आणि दुरुस्ती जुन्या फिटरच्या गळ्यात पडते, हे आपण पाहतोच. लिनस टोरवाल्ड्स यांनी निवाडा दिला: ज्याला रस्ट नको त्याने तिच्याकडे पाहू नये, परंतु आपला भाग दुसऱ्याने रस्टमधून वापरू नये, असे त्याला म्हणता येणार नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये 'प्रायोगिक' हा शिक्का काढायचे ठरले. त्याच महिन्यात रस्टमधल्या बाइंडर ड्रायव्हरमधला एक दोष जाहीर झाला. तो होता 'अनसेफ' असे लिहिलेल्या भागात, म्हणजे कठडा जाणूनबुजून काढतात तेथेच. पण कठडा कोठे काढला, हे तेथे लिहावे तरी लागते. आमच्या त्या कारखान्यात तशी नोंद कोणी केली नव्हती. कठडा कोणाच्या हुकमाने निघाला, हे शोधायला मला तीन आठवडे लागले.