ना होकार, ना नकार



१८२७ सालचा सप्टेंबर. पॅरिसच्या ओदेआँ नाट्यगृहात एक इंग्रज नाटक मंडळी ‘हॅम्लेट’ करत होती. प्रेक्षकांत तेवीस वर्षांचा, अजून नाव न झालेला संगीतकार बसला होता, हेक्टर बर्लिओझ. इंग्रजी त्याला जवळजवळ येतच नव्हतं. पण ओफिलियाच्या भूमिकेत हॅरिएट स्मिथसन ही आयरिश नटी रंगमंचावर आली आणि गडी कामातून गेला. झोप उडाली. शहरभर पायपीट, शहराबाहेर भटकंती, पत्रांवर पत्रं. तिच्याकडून उत्तर नाही. ओळखच नाही, तर ती तरी काय लिहिणार? या वेडातून त्यानं ‘सिंफनी फँतास्तिक’ रचली. १८३० साली ती पहिल्यांदा वाजली. प्रेयसीची एकच सुरावट तिच्या पाचही भागांत परत परत येते. नाचाच्या गर्दीत येते, रानात येते, नायकाची मान उडायच्या आधीच्या क्षणीसुद्धा येते.

आजच्या बर्लिओझच्या हातात मोबाइल असतो. रात्री दीड वाजता तो तिचं ‘लास्ट सीन’ बघतो. सव्वाबाराला ऑनलाइन होती, मग बोलत कुणाशी होती? स्टेटस टाकायचं ते तिच्यासाठीच, आणि बघणाऱ्यांत तिचं नाव आलं का हे दर पाच मिनिटांनी तपासायचं. ‘जेवलास का?’ एवढा मेसेज आला, तर त्याचा अर्थ चार मित्रांना विचारायचा. मुलींचंही असंच होतं. चाळिशीतल्या, संसारी माणसांचंही होतं. ती बिचारी कुणाला सांगूही शकत नाहीत.

डोरोथी टेनॉव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी शेकडो लोकांशी बोलून या अवस्थेचा अभ्यास केला आणि १९७९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. या अवस्थेला त्यांनी ‘लिमरन्स’ असं नाव दिलं. त्यांच्या म्हणण्यातलं मला सगळ्यात पटतं ते हे, की हे वेड आशा आणि शंका या दोहोंवर जगतं. स्वच्छ होकार मिळाला की ते निवत जातं, स्वच्छ नकारानंही हळूहळू उतरतं. मधल्या मध्ये लोंबकळत ठेवलं, की मात्र वर्षानुवर्षं टिकतं. मटका खेळणाऱ्याला रोज आकडा लागत नाही, म्हणून तर त्याचा नाद सुटत नाही.

शरीरही यात सामील असतं. इटलीतल्या पिसा इथे दोनातेल्ला मारात्झिती यांनी १९९९ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतेच प्रेमात पडलेले वीस जण आणि मंत्रचळाचे वीस रुग्ण यांचं रक्त तपासलं, तर सेरोटोनिनशी निगडित एक घटक दोन्ही गटांत सारखाच कमी निघाला. प्रेमिकांपैकी काहींना वर्ष-दीड वर्षानं पुन्हा तपासलं, तेव्हा तो पूर्ववत झाला होता.

अशा माणसाला मी एकच प्रश्न विचारीन: तिला काय आवडत नाही? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. डोक्यातल्या तिच्याशी रोज तासभर गप्पा चालतात, खऱ्या तिची मात्र धड ओळखही नसते.

मग करायचं काय? एकदा, एकदाच, सरळ विचारा. ‘बघू’, ‘विचार करून सांगते’ असं म्हणून महिना उलटला, तर तो नकारच समजा. तिचं स्टेटस म्यूट करा. तिची खबरबात आणणाऱ्या मित्राला ‘आता पुरे’ म्हणून सांगा. विचार येतील, येऊ द्यात. त्यांच्याशी कुस्ती खेळू नका. फक्त फोन हातात घेऊ नका. आणि समोरच्यांनीही दया म्हणून गोलगोल बोलू नये. त्या दयेवर तो आणखी सहा महिने काढतो.

नाही म्हटल्यावरही मागे मागे फिरणं हा २०१३पासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात येतो. आपल्या सिनेमातल्या हिरोनं हे केलं की शेवटी नायिका हसते. पोलीस ठाण्यात कुणी हसत नाही.

बर्लिओझला ती मिळाली, बरं का. १८३३ साली ती लग्नाला कां-कू करू लागली, तेव्हा यानं तिच्यासमोर अफू खाल्ली, मग उतारा घेतला. ऑक्टोबरात लग्न झालं. काही वर्षांतच भांडणं, तिचं दारूत बुडणं, आणि शेवटी दोघं वेगळी. ‘ती मिळाली की सगळं ठीक होईल’ म्हणणाऱ्यांना मी हा उत्तरार्ध मुद्दाम सांगतो. जिवाचं बरंवाईट करण्याची धमकी कुणी देत असेल, तर तिला भिऊन होकार देऊ नका, पण ती हसण्यावारीही नेऊ नका. घरच्यांना कळवा, डॉक्टर गाठा.

स्वतःच्याच मनात तसे विचार येत असतील, किंवा झोप, जेवण, अभ्यास, काम सगळंच बिघडलं असेल, तर सरकारची टेली-मानस ही सेवा आहे. नंबर १४४१६. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. प्रेमाचं सांगायला संकोच वाटला, तर ‘झोप लागत नाही’ इथपासून सुरुवात करा.