डोंगरातील घर आणि उपग्रहाचे इंटरनेट
(पालक मेळाव्यातील भाषण)



भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांतील काही घरे डोंगराच्या अशा कुशीत आहेत की मोबाईलची रेंज तेथे पोहोचत नाही. अशा घराला उपग्रहाच्या तबकडीचाच आधार. हे शास्त्र आपल्याला परके नाही. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे, 1971 साली उपग्रह दळणवळणाचे भूकेंद्र सुरू झाले. मग घरची तबकडी रडतखडत का चालते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

घाई अशासाठी की 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. प्रवेशाच्या फेऱ्या चालतात त्याच दिवसांत आपल्याकडे पाऊस कोसळतो. मुदत हुकली तर मुलाचे वर्ष अडते. मुलीचे तर शिक्षणच थांबण्याची भीती.

प्रथम दोष कोठे आहे ते शोधा. संगणक तारेने मोडेमला जोडून वेग पाहा. तेथे वेग चांगला आणि माजघरात मंद असेल, तर दोष उपग्रहाचा नव्हे, घराचा आहे. जाड दगडी भिंती आणि पत्रा वायफायच्या लहरी अडवितात. राऊटर कपाटातून काढून घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवा.

तारेनेही वेग मंदच असेल तर बाहेर या. जीसॅट-11 सारखा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. आपल्याकडून तो दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे 68 अंश वर येतो. एवढ्या उंचावर पाहणाऱ्या तबकडीला दूरचा तोरणा सहसा आडवा येत नाही; आडवी येते ती अंगणातील आंब्याची फांदी. तबकडी पत्र्यावर बसवू नका. वाऱ्याने पत्रा हलतो आणि नेम चुकतो. पक्क्या भिंतीवर बसवा, नेम जाणकाराकडून साधून घ्या आणि तारेच्या सांध्यांत पाणी शिरणार नाही असा बंदोबस्त मिरगाआधीच करा.

दोन गोष्टींना मात्र इलाज नाही. संदेशाला उपग्रहापर्यंत जाऊन परतायचे, उत्तरालाही तसेच यायचे. त्यात सुमारे अर्धा सेकंद जातो. म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. दुसरे, मुसळधार सरीत लहरी क्षीण होतात आणि संपर्क तुटतो. सर ओसरली की तो परत येतो. तेव्हा अर्ज अखेरच्या दिवसावर टाकू नका. वीज जाते म्हणून मोडेमला इन्व्हर्टर जोडा. फोनमधील आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा. ठरलेला डेटा त्यातच संपतो.

शेवटी एकच विनंती. ज्याच्या घरी तबकडी नीट चालते, त्याने प्रवेशाच्या दिवसांत शेजारच्या मुलामुलींसाठी आपले दार उघडे ठेवावे. वाडीत एक तबकडी नीट चालली, तरी त्या वाडीतील एकाही मुलाचा अर्ज राहू नये.