रात्रीचें छायाचित्र

छायाचित्र म्हणजे क्षणाचें काम, अशी आपली समजूत असते. छायाचित्रकार ‘हलूं नका’ म्हणतो, कळ दाबतो, आणि चित्र तयार होतें. आज ज्या छायाचित्राविषयीं मी बोलणार आहें, त्याला मात्र एक क्षण पुरत नाहीं. त्यासाठीं कॅमेऱ्याचें झांकण उघडून अंधारांत तिष्ठत बसावें लागतें. तें रात्रीचें छायाचित्र होय.

प्रथम थोडा हिशेब पाहूं. भर दुपारचें ऊन पौर्णिमेच्या चांदण्याहून सुमारें चार लाख पट प्रखर असतें. उन्हांतलें जें दृश्य सेकंदाच्या शंभराव्या भागांत टिपलें जातें, तेंच चांदण्यांत टिपावयाचें आणि भिंगाचें तोंड तेवढेंच ठेवावयाचें, तर चार हजार सेकंद, म्हणजे तासाहूनही अधिक वेळ लागेल. जुन्या कांचा व फिल्म यांना तर तेवढाही वेळ पुरत नसे. कारण मंद प्रकाशांत त्यांची ग्रहणशक्तीच मंदावते. कार्ल श्वार्ट्सशिल्ट या जर्मन ज्योतिर्विदानें १९०० च्या सुमारास हा दोष मोजून दाखविला. आपला डोळा मिनिटापूर्वीं आलेला प्रकाश सांठवून ठेवूं शकत नाहीं. कॅमेरा तो थेंबाथेंबानें सांठवितो. म्हणूनच डोळ्यांना न दिसणारे तारेही त्याला दिसतात.

ही विद्या आमच्या मुलखाला परकी नाहीं. माझें सोनपेठ १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, आणि त्या राज्याच्या राजधानींत १९०१ सालीं नवाब जफर जंग यांनीं एक वेधशाळा स्थापन केली. पुढें १९०८ मध्यें ती सरकारच्या ताब्यांत गेली. साऱ्या आकाशाचा छायाचित्रमय नकाशा तयार करण्याचा संकल्प १८८७ मध्यें पॅरिस येथें अनेक देशांच्या ज्योतिर्विदांनीं सोडला होता. त्यांतला दक्षिण आकाशाचा १७ ते २३ अंशांमधला पट्टा या निजामिया वेधशाळेकडे आला. पोकॉक व त्यांच्यामागून भास्करन् या संचालकांच्या हाताखालीं आठ इंची दुर्बिणीनें रात्रीमागून रात्री कांचा टिपल्या गेल्या. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. चार मिनिटांत एक अंश, तासांत पंधरा. दुर्बीण घड्याळाच्या यंत्रानें ताऱ्यामागोमाग फिरवावी, तेव्हां कुठें तारा कांचेवर ठिपक्यासारखा उमटतो. असे लक्षावधि ठिपके मोजून त्यांच्या याद्या छापल्या गेल्या.

माझ्यासारख्या शाळामास्तरापाशीं असें यंत्र कोठून असणार? माझी तिपाई एका जागीं उभी राहते आणि तारे सरकत राहतात. त्यामुळें माझ्या चित्रांत ठिपके नसून ध्रुवाभोंवतीं काढलेलीं कमानदार वर्तुळें असतात. सोनपेठेंत ध्रुव क्षितिजापासून अवघा एकोणीस अंश वर आहे. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या, तर वरच्या मुठीच्या माथ्याशीं तो सांपडतो. आमचा मुलूख काळ्या मातीचा व सपाट. आड येणारा डोंगर नाहीं. अशा चित्राला याहून चांगली जागा कोणती?

माघांतल्या एका अमावास्येला मी गांवाबाहेरच्या शिवारांत, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर तिपाई मांडली. रात्रीचे दहा वाजले होते. सप्तर्षि ईशान्येला चांगले वर आले होते. आजच्या कॅमेऱ्यांत झांकण तासभर उघडें ठेवलें, तर आंतला पडदा तापतो व चित्रावर खोटे ठिपके उठतात. म्हणून मीं अर्ध्या अर्ध्या मिनिटाचीं लागोपाठ १२० चित्रें घेतलीं. तीं एकावर एक ठेवलीं कीं तासाभराचें एक चित्र होतें.

पंधरा मिनिटें झालीं असतील, तोंच शेतांत बॅटरीचा उजेड हलूं लागला. त्या आठवड्यांत शेतीच्या पंपांची वीज रात्रीची होती, आणि मामा गव्हाला पाणी द्यावयास उतरले होते. मी मनांतून चरफडलों. त्यांच्या शेतांत उभा राहून त्यांच्याच उजेडावर रागावत होतों, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

घरीं येऊन चित्रें जुळवलीं. वर ताऱ्यांच्या कमानी सुरेख उमटल्या होत्या; खालीं गव्हांतून मात्र एक पिवळी रेघ वेडीवांकडी धांवत होती, आणि एके ठिकाणीं पांढराफेक डाग पडला होता. तो पुसून टाकणें संगणकावर सोपें असतें. मी पुसणारही होतों. तत्पूर्वीं सहज म्हणून मामांना तें चित्र दाखविलें.

त्यांनीं ताऱ्यांकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. बोट रेघेवर ठेवून ते म्हणाले, “हितं मोटर चालू केली. हितनं दारं धरलं. ह्या साऱ्यात पाणी फुटलं, म्हणून माघारी आलो बगा.” डागापाशीं बोट थांबलें. “हितं जनावर आडवं आलं, गुरुजी. ते जाईस्तवर बॅटरी धरून उभा होतो.” जरा वेळानें त्यांनीं विचारलें, “पण ह्यात मी कुठं हाय?”

मीं त्यांना कारण सांगितलें. हलणारें आणि ज्याच्यावर उजेड नाहीं असें कांहींही या चित्रांत उमटत नाहीं. उमटतो तो केवळ हातांतला दिवा. त्यांनीं मान डोलावली. मला मात्र माझेंच उत्तर टोंचलें. मी ज्याला डाग म्हणत होतों, तीं एका माणसाच्या जिवावरचीं कांहीं मिनिटें होतीं. आणि त्या वेळीं तेथून हांकेच्या अंतरावर मी उजेडाला नांवें ठेवीत उभा होतों.

तें चित्र आज माझ्या वर्गाच्या भिंतीवर आहे. रेघ आणि डाग दोन्ही जागच्या जागीं आहेत. मुलें आधीं तारे मोजतात, मग रेघ कसली म्हणून विचारतात. त्यांतल्या कित्येकांचे वडील तशाच रात्रीं शेतांत असतात. त्यांना उत्तर मला द्यावें लागत नाहीं.

श्रोतेहो, आपणांपैकीं कोणाला हा छंद लागला, तर तिपाई भक्कम घ्या, वाऱ्यापासून आडोसा पाहा, कळेला हात न लावतां दोरीनें वा घड्याळानें ती चालवा, आणि पायांत बूट घाला. आणि चित्रांत अनोळखी उजेड आला, तर पुसण्यापूर्वीं तो कोणाचा होता, एवढें विचारून या.